थांब्याचं घड्याळ शेवटच्या सायकलपासून लावा

पत्र: आमचा बारा जणांचा सायकल गट आहे, वयं तीस ते अठ्ठावन्न. मी सत्तेचाळीस वर्षांची आणि गटात सर्वांत सावकाश. गेल्या डिसेंबरात मांडव्याहून किनाऱ्याने गोव्याला निघालो. चौथ्या दिवशी पुढचे सहा जण दाभोळहून आधीच्या फेरीबोटीने धोपाव्याला निघून गेले. मागे माझं चाक पंक्चर, आणि गटातला एकुलता एक पंप त्यांच्याकडे. दुपारी अडीचला, सकाळच्या पोह्यांनंतर काही न खाता, आम्ही धक्क्यावर पोचलो आणि फोनवरून कडाक्याचं भांडण झालं. गुहागरहून आम्ही तिघे घरी परतलो. नवरा पुढे गोव्यापर्यंत गेला. आता या डिसेंबरात पुन्हा निघायचं चाललंय. सगळे म्हणतात, लांबच्या सायकलप्रवासातून आयुष्याचे धडे मिळतात. मला तर भांडणच मिळालं. जाऊ का?
– सर्वांत मागची, डोंबिवली

उत्तर:

जा. मात्र गेल्या वर्षीच्याच पद्धतीने, म्हणजे काहीच न ठरवता, जाऊ नका.

तुमची हकीगत वाचून कुणाचा स्वभाव वाईट आहे असं आम्हाला तरी दिसलं नाही. दिसलं ते एवढंच: बारा माणसांत एक पंप, रिकामी पोटं, आणि बोटीवर एकत्र चढायचं की आलो तसं जायचं हे कुणीच ठरवलेलं नाही. एवढ्या भांडवलावर साधुसंतही भांडले असते.

आधी रस्ता समजून घ्या. कोकणचा किनारी रस्ता नकाशात समुद्राला चिकटून जातो, म्हणून सपाट वाटतो. प्रत्यक्षात तो खाडीपाशी उतरतो, पलीकडे जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा उतरतो. एकेक चढ शंभर-दीडशे मीटर उंचीचा, पण दिवसात असे सहा-सात निघतात आणि बेरीज हजार मीटरच्या घरात जाते. सपाटीवर ताशी २५ च्या वेगाने दुसऱ्याच्या मागे चालवलं तर वारा अडतो आणि साधारण पाव मेहनत वाचते, त्यामुळे सावकाश माणूसही गटात टिकतो. चढावर वेग आठ-दहावर येतो. तिथे झगडा वाऱ्याशी नसून स्वतःच्या वजनाशी असतो, पुढे कुणी असल्याचा काही उपयोग नाही. म्हणून चढावर गट फुटणारच, आणि तो फुटू द्यावा. बळेच एकत्र चढायला गेलं की सावकाश माणूस लाजेखातर पहिल्याच किलोमीटरला ताकदीबाहेर जोर लावतो आणि पुढचा अर्धा दिवस त्याची किंमत मोजतो. चढावर ज्याने त्याने आपल्या गतीने जावं, माथ्यावर सगळ्यांनी थांबावं.

खरी गडबड माथ्यावर होते. समजा पुढचे ९.४० ला पोचले आणि तुम्ही दहाला. त्यांना वीस मिनिटं मिळाली. पाणी झालं, चिक्की झाली, फोटो झाले. तुम्ही धापा टाकत टेकता आणि कुणीतरी म्हणतं, “आल्या, चला निघू या.” तुमची विश्रांती शून्य. असे चार चढ झाले की त्यांच्या खात्यावर सव्वा तासाहून जास्त विश्रांती असते आणि तुमच्या खात्यावर काहीच नसतं. सर्वांत जास्त दमलेल्या माणसाला सर्वांत कमी बसायला मिळतं आणि वर त्याच्याच फिटनेसची चर्चा होते. (हे फक्त सायकलवर घडतं असं नाही. सगळ्यांना गरम पोळी वाढून जी शेवटी ताटावर बसते, ती पहिला घास घेते तेव्हा बाकीचे हात धुवायला उठलेले असतात.) म्हणून गटापुढे पहिला ठराव हा मांडा: थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस सायकलवरून उतरला की सुरू होईल, आणि पुढची दहा मिनिटं कुणी हलणार नाही.

पुढच्यांची बाजूही खरी आहे. अर्धा तास बसून राहिलं की घाम गार होतो, पाय आखडतात, पुन्हा चालवताना गुडघे कुरकुरतात. त्यांना नुसतं “थांबा” म्हणू नका, काम द्या. माथ्यावर टपरी असेल तर बारा चहा आणि बारा केळी सांगून ठेवणं, रात्रीच्या मुक्कामाला फोन करणं, पुढच्या बोटीची वेळ विचारणं. फारच जोर असेल तर अर्धा घाट उतरून पुन्हा चढून यावं. मागच्यांना सोबत होते आणि पुढच्यांची खाज भागते.

आता तुमच्या सहीबद्दल. सपाटीवर सर्वांत मागे चालवणं ही तुमची सर्वांत मोठी चूक आहे, आणि भल्या माणसांचा संकोच त्याच्या मुळाशी असतो: आपला अडथळा नको म्हणून आपण शेवटी. रांगेत पहिल्याने जरा ब्रेक दाबला की दुसरा थोडा जास्त दाबतो, तिसरा त्याहून जास्त, आणि शेवटचा जवळजवळ थांबतो. मग पुढचे सुटतात आणि शेवटच्याला अंतर भरून काढायला जीव काढून पेडल मारावं लागतं. दिवसभर हेच. रांगेतली सर्वांत महाग जागा शेवटची, आणि तिथे आपण सर्वांत कमी ताकदीचा माणूस ठेवतो. तुमची जागा दुसरी किंवा तिसरी, एका सरळ आणि एकसारखं चालवणाऱ्या माणसाच्या मागे. तो पुढचा वेग तुमच्या श्वासावरून ठरवेल. तुम्हाला तुटक शब्दांतच बोलता येत असेल तर “एक कमी” एवढंच ओरडायचं, त्याने ताशी एक किलोमीटर उतरवायचा. नवख्या गटात दोन चाकांमध्ये एका सायकलचं अंतर ठेवा, आणि आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीही नेऊ नका. त्याने खड्डा चुकवायला हँडल वळवलं की चाकं घासतात, तो तसाच पुढे जातो आणि पडतो मागचा. बारा जणांची एक लांब रांगही नको. चार-चारच्या तीन तुकड्या करा, मध्ये एसटी आत घेता येईल इतकी जागा सोडा. अरुंद रस्त्यावर बारा सायकली सलग असल्या की बसचा ड्रायव्हर वळणावरच ओव्हरटेक करतो.

शेवटची जागा कुणाची? गटातल्या सर्वांत दणकट आणि सर्वांत शांत माणसाची. सायकलवाले त्याला स्वीप म्हणतात. नियम असा की स्वीपच्या मागे गटातलं कुणीही नाही. मोठा पंप, चेन जोडायचं हत्यार, प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे, कारण बिघाड कुठेही झाला तरी स्वीप तिथे पोचतोच. पुढे असलेल्याकडचं सामान मात्र मागच्याच्या काही कामाचं नाही. गेल्या वर्षी तुमचा पंप नेमका उलट्या टोकाला होता. स्वीप रोज बदला. रोज मागे राहून चांगला माणूसही वैतागतो, आणि वेगवान मंडळींनी एकेक दिवस मागे काढला की चर्चेचा सूरच बदलतो.

वळणांवर फोनपेक्षा साधा नियम चालतो: रस्ता फुटतो तिथे प्रत्येकाने आपल्या मागच्याला दिसेपर्यंत उभं राहायचं. त्याने हात वर केला की निघायचं. सड्यांवर कित्येक ठिकाणी फोनला रेंज नसते, आणि “लोकेशन टाकलंय ना ग्रुपवर” हे वाक्य तिथे निरुपयोगी आहे.

तुमच्या गटात बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पुरा करायची सायकलफेरी, केलेले एक-दोघे नक्की असतील. त्यांच्याकडून तब्येतीचे आणि दिव्यांचे धडे घ्या, वेगाचं गणित घेऊ नका. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास असतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास सरासरी लागते, आणि तिथे प्रत्येक जण स्वतःच्या जबाबदारीवर असतो. कुणासाठी थांबायचं बंधन नसतं. बारा जणांच्या कोकणवारीत जेवण, बोट, पंक्चर धरून सरासरी दहा ते बारा पडते. दिवसाला ७५ किलोमीटर म्हणजे सात तास. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. उजेडाचे अकरा तास, त्यातले सात प्रवासाचे, म्हणजे गडबडीसाठी चार उरतात. रोज १०० ठेवलेत तर जेमतेम दीड-पावणेदोन तास उरतात, आणि एका पंक्चरचं भांडण होतं.

बोटींचं वेगळं लिहून ठेवा. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, आणि शेवटी तेरेखोलहून केरी. बोट हा गटाचा सांधा आहे: सगळे असतील तरच चढायचं. खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे गट फुटला तर मदतीला परत येणं म्हणजे पुन्हा बोट, आणि शेवटची बोट गेली असेल तर दाभोळ-धोपाव्याला चिपळूणवरून वळसा. वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि तुमच्या अंदाजापेक्षा एक बोट उशिराची धरून आखणी करा. धक्क्याच्या उतारावर सायकलवरून उतरा. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवर शेवाळ असतं, आणि ब्रेक दाबला की चाक सरळ बाजूला निघतं.

पोटाचं. कोकणात डिसेंबरातही दहानंतर ऊन आणि दमटपणा असतो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यातली एक बाटली ओआरएसची. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितक्यातच कालवा. अर्धं पाकीट टाकून “चव पुरते” म्हणणारे आणि दोन पाकिटं एकाच बाटलीत कोंबणारे, दोघेही चूक करतात. दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं. खाणं भूक लागायच्या आधी, दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी: एक केळं, किंवा दोन राजगिऱ्याचे लाडू, किंवा चार खजूर. यातून तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. दुपारी आंबोळी, वरण-भात, दही चालेल. वडे-मिसळ मुक्कामी पोचल्यावर. तेलकट पोटाने सड्यावर चढणं म्हणजे ओकारीला आमंत्रण.

साखर उतरली की आधी पाय जात नाहीत, आधी माणूस बदलतो. बडबड्या गप्प होतो, शांत माणूस खेकसतो, कुणीतरी रस्त्याला, सायकलला, आयोजकाला नावं ठेवू लागतो. अशा माणसाशी वाद घालू नका, त्याला केळं द्या. आणि हा दुसरा ठराव: कोणतीही तक्रार खाऊन पंधरा मिनिटं झाल्याशिवाय ऐकली जाणार नाही. दाभोळच्या धक्क्यावर हा नियम असता तर निम्मं भांडण तिथेच विरलं असतं.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. पहिली, लवकर बोलणं. सावकाश माणसं फार उशिरा तोंड उघडतात. सॅडल टोचतंय, गुडघा दुखतोय, हे दहाव्या किलोमीटरला सांगितलं तर पाच मिनिटांचं काम असतं. साठाव्याला सांगितलं की टेम्पो लागतो. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेल्यावर पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवड्याने चालवताना गुडघ्याला योग्य तेवढी घडी राहते. बदल एका वेळी पाच मिलिमीटरचाच करा आणि निघण्याच्या दोन आठवडे आधी संपवा.

दुसरी, गिअरचे दात मोजा. बऱ्याच बायकांना “स्टॅमिना कमी आहे” असं सांगितलं जातं तेव्हा कमी असतो तो गिअर. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी २८ ची असेल, तर मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्यांना ताशी सव्वानऊचा वेग पडतो. तीव्र चढावर तुम्ही सहानेच जात असाल तर फेऱ्या चाळिसाच्या खाली येतात, म्हणजे प्रत्येक फेरी जिना चढल्यासारखी गुडघ्यावर. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर त्याच सहाच्या वेगाला ५४ फेऱ्या बसतात. मागचा कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बदलून घ्या, पण मेकॅनिकला दोन गोष्टी विचारा: मागचा डिरेल्युर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) एवढी मोठी चकती पेलतो का, आणि चेन लांब करावी लागेल का. जुनी आखूड चेन ठेवून पुढची मोठी आणि मागचीही मोठी चकती एकदम लावली की डिरेल्युरच उपटून येतो. नवा गिअर येऊरला किंवा बारवी धरणाच्या रस्त्यावर चढवून पाहा, आणि गिअर चढ लागायच्या आधी टाकायची सवय लावा. पूर्ण जोर लावलेला असताना टाकला की चेन उतरते.

पंक्चरचं थोडक्यात. प्रत्येकाकडे आपल्या मापाची एक जादा ट्यूब, प्रत्येक तुकडीकडे पंप, दोन टायर लिव्हर, पॅच. ज्यांच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह आहे त्यांनी पितळी अॅडॉप्टर ठेवावा, गावातल्या पंक्चरवाल्याचं नळकांडं मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा आतच राहिला तर दहा मिनिटांत दुसरं पंक्चर ठरलेलं. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा शोधू नका, हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चावली. ३२ मिलिमीटर रुंद टायरला वजनाप्रमाणे साठ ते पंच्याहत्तर पीएसआय ठेवा. डिरेल्युरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, प्रत्येकाने आपल्या मॉडेलचा सोबत घ्यावा, तो वाटेत मिळत नाही. आणि चाक दोघांनीच काढावं, बाकीच्यांनी सावलीला जावं. दहा सल्लागार उभे राहिले की वीस मिनिटांचं काम चाळीस मिनिटांचं होतं.

पैशांवरून रुसवे होतात ते बहुधा सुरमईवरून. मासळीची थाळी आणि शाकाहारी थाळी यांच्या दरात बराच फरक, आणि कॉन्ट्री सारखी. शाकाहारी माणूस तीन रात्री गप्प बसतो आणि चौथ्या रात्री भलत्याच विषयावर फुटतो. मुक्काम, बोट, चहा, केळी, टेम्पो एवढंच सामाईक ठेवा. रात्रीचं ताट ज्याचं त्याचं. हिशेब त्याच रात्री ग्रुपवर.

नवऱ्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण पत्राचं वजन तिथेच आहे. तो गोव्याला गेला याचं वाईट वाटलं, की तुम्हाला न विचारता गेला याचं, हे आधी तुमचं तुम्ही ठरवा. मग त्याच्याशी घरी बोला, सायकलवर नव्हे. एकच प्रश्न: दोघांपैकी एकाला सोडावं लागलं तर दुसऱ्याने काय करायचं? “तू जा, मी ठीक आहे” हे उत्तर आज दिलंत तर त्या दिवशी ते पाळावं लागेल, म्हणून विचार करून द्या. आणि काहीही झालं तरी त्याला तुमच्या तुकडीचा स्वीप करू नका. नवरा मागे असला की दर दोन मिनिटांनी “गिअर टाक, गिअर टाक” ऐकावं लागतं. तिसऱ्याच कुणी हळूच सांगितलेलं तुम्ही सहज ऐकाल.

धड्यांचं म्हणाल, तर ते आपोआप मिळत नाहीत. गेल्या वर्षी भांडून सुटलेले सहा आणि परतलेले तीन, दोघांनीही बहुधा आपापला जुना समजच पक्का करून घेतला: ते म्हणणार हळू माणसं नकोत, तुम्ही म्हणणार वेगवान माणसं स्वार्थी. महिनाभर आधी बैठक घ्या, वर लिहिलेले ठराव एका कागदावर मांडा, आणि बोलायची सुरुवात तुमच्या तक्रारीने न करता माथ्यावरच्या वीस मिनिटांच्या हिशेबाने करा. आकड्यावर कुणी रुसत नाही. गट ऐकेना तर चौघे निघा. चौघांचा गट बाराच्या गटापेक्षा तसाही लवकर पोचतो, कारण थांबे कमी होतात.

परतीचंही त्याच बैठकीत ठरवा. शेवटच्या दिवशी सगळ्यांना घरची ओढ असते आणि टेम्पोत कुणाची सायकल खाली, कुणाची वर, यावरून नवा वाद उभा राहतो. बारा सायकलींना बारा जुन्या गोधड्या लागतील, दोन फ्रेमच्या मध्ये एकेक. डिरेल्युरची बाजू वर. पेडलं काढून ठेवली तर जागा सुटते आणि ओरखडे वाचतात. बहुतेकांना १५ चा पाना लागतो, काहींना मागून ॲलन-की. आणि डाव्या पेडलची आटी उलटी असते, ती घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. उजव्यासारखं समजून दोघांनी जोर लावला तर ती आणखी घट्ट बसते.